घरपट्टीतला शिक्षण कर जातो कुठे?

घरपट्टीचे बिल आपण कधी पहिल्या ओळीपासून वाचले आहे काय? बहुतेकजण थेट खालचा आकडा पाहतात, मागील थकबाकी आणि तिच्यावरची शास्ती पाहून कपाळाला हात लावतात आणि कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून देतात. आपल्या वस्त्यांमध्ये तर ही पावती जिवापाड जपली जाते. ज्या जागेचा सातबारा नाही, पीआर कार्ड नाही, खरेदीखत नाही, त्या जागेवर आपण वीस-पंचवीस वर्षे राहतो हे दाखवायला दुसरा कागद नसतो. म्हणून नांदेडच्या जयभीमनगर, आंबेडकरनगरातला किंवा लातूरच्या बौद्धनगरातला माणूस उसनवारी करून घरपट्टी भरतो. बंगलेवाला अपिलात जातो, थकबाकी ठेवतो, शास्तीमाफीची अभय योजना कधी येते याची वाट पाहतो. वस्तीतला माणूस भरून मोकळा होतो, कारण उद्या अतिक्रमण हटाव पथक दारात आले तर हातात काहीतरी असावे लागते.

त्या बिलात सामान्य कर असतो, वृक्ष कर असतो, दुकान असेल तर रोजगार हमी कर असतो आणि त्याच रांगेत एक ओळ असते ‘शिक्षण कर’. आम्हाला आज याच एका ओळीबद्दल बोलायचे आहे. मुलांची फी भरतो ती वेगळी, वह्या-पुस्तकांना, रिक्षाला, ट्युशनला लागते ते वेगळे. हा कर शिक्षणाच्या नावाने दरवर्षी घरावर बसतो आणि घर शाळेत न जाणाऱ्या म्हाताऱ्याचे असले तरी बसतो. असायलाही हरकत नाही, शिक्षण ही समाजाची जबाबदारी आहे असे मानणारे आम्ही लोक आहोत. प्रश्न इतकाच, की हा पैसा जातो कुठे?

आमच्या एका सहकाऱ्याने मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात हा प्रश्न विचारला होता. उत्तर आले ते एका ओळीचे. सदर कराची रक्कम शासनास भरणा केली जाते, सबब शाळांवरील खर्चाची माहिती निरंक. हे उत्तर वाचून तो संतापला. आम्ही त्याला म्हटले, बाबा, संतापू नकोस, या कारकुनाने तुला कायदाच सांगितला आहे.

कायदा असा आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर दोन वर्षांनी, १९६२ साली, महाराष्ट्र शिक्षण उपकर अधिनियम आला. पुढे रोजगार हमीची जोड मिळून त्याचे नाव महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम झाले. या कायद्याने शहरी भागातल्या जमिनी व इमारतींवर त्यांच्या वार्षिक मूल्यावर कर बसवला. मूल्य वाढते तसा दर वाढतो आणि राहत्या घरापेक्षा दुकान-गोदामाला दर जास्त असतो. गावाकडे हा कर घरावर नाही, पण ऊस, केळी अशा नगदी पिकांखालच्या जमिनीवर ‘विशेष आकारणी’ आहे. आता शहरातला कर वसूल कोण करते? महानगरपालिका किंवा नगरपालिका. पण तो कर तिचा नसतो. ती राज्य सरकारची वसुली कारकून असते. गोळा करायचा, सरकारी खजिन्यात भरायचा आणि वसुलीच्या मोबदल्यात थोडी टक्केवारी घ्यायची. कित्येक महानगरपालिका वसूल केलेला हा पैसाही वेळेवर सरकारला भरत नाहीत आणि लेखापरीक्षणात हा आक्षेप वर्षानुवर्षे येत राहतो, ती आणखी वेगळी कथा. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ साली झाली, लातूरची २०११ साली. त्याआधी दोन्हीकडे नगरपालिका होती. बोर्डावरचे नाव बदलले, शिक्षण कराची वाट तीच राहिली.

खजिन्यात गेलेला पैसा राज्याच्या एकत्रित निधीत पडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे सरकारचा सगळा महसूल या एका निधीत जमा होतो. तिथे गेल्यावर जयभीमनगरचा रुपया आणि मलबार हिलचा रुपया ओळखू येत नाही. त्यातून शिक्षकाचा पगार होतो, तसाच मंत्र्यांच्या गाडीचा ताफाही निघतो. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालच्या शिरूर मठ प्रकरणात सांगितला. शुल्क घेतले तर त्या बदल्यात काही सेवा द्यावी लागते. कर घेतला तर तसे बंधन नसते. उपकर हा शब्द या दोघांच्या मधला वाटतो, त्याला नाव एका कामाचे असते म्हणून लोकांना वाटते की पैसा त्याच कामाला बांधलेला आहे. घरावरचा शिक्षण उपकर मात्र स्वरूपाने करच आहे. म्हणून अमुक वस्तीने इतका भरला, तिच्या शाळेवर तितका खर्च करा, असा दावा कोर्टात टिकणार नाही. हे आम्ही वकील म्हणून आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उगाच कुणी रिट याचिकेसाठी वर्गणी गोळा करू नये.

दिल्लीचा अनुभव याहून बोलका आहे. केंद्र सरकारने २००४ साली आयकर व इतर करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला, २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का बसवला आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो ४ टक्के झाला. प्राथमिक शिक्षणासाठी वेगळा कोष निघाला. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरासाठी मात्र दहा वर्षे कोषच नव्हता. २०१७ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की या एक टक्क्याचे ८३ हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि त्यांच्यासाठीच्या राखीव निधीत गेलेच नाहीत. शिवाय घटनेप्रमाणे केंद्राला उपकराचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. नाव शिक्षणाचे, सोय तिजोरीची.

ही लबाडी आजची नाही. चळवळीच्या वाचकांना जोतीराव फुल्यांचे हंटर शिक्षण आयोगापुढचे १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन माहीत आहे. आपण ते प्राथमिक शिक्षणासाठी आठवतो, पण त्यात कराचा मुद्दा आहे याकडे आपले लक्ष जात नाही. त्या काळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जात असे आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी धरलेला होता. जोतीरावांनी आयोगाला स्पष्ट सुनावले, की सरकार शिक्षणाच्या नावाने खास पट्टी गोळा करते आणि ती ज्या कामासाठी घेतली त्या कामावर खर्च करीत नाही. इलाख्यातली दहापैकी जवळजवळ नऊ खेडी शाळेविना आहेत, असेही त्यांनी लिहिले. पैसा कुणब्याच्या, माळ्याच्या, महार-मांगाच्या घामाचा आणि त्यावर उच्च शिक्षण घेणार भटजी-शेटजीची मुले, हा त्यांचा हिशेब होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून हा लोकल फंड इथला नव्हे. परंतु हिशेब इथलाही तोच.

बाबासाहेबांनी हाच हिशेब आकड्यांत मांडला. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी आठच दिवस, ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलले. त्यांनी दाखवले, की सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि त्याच माणसाकडून दारूवरच्या अबकारीतून दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान अबकारीतून जितके घेता तितके तरी शिक्षणावर द्या, ही त्यांची मागणी होती. यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, घर नाही, जो शेतसारा भरत नाही, तोही कर भरतो. मीठ, काडेपेटी, कापड, दारू, प्रत्येक वस्तूतून भरतो.

हे आज मुद्दाम सांगावे लागते. आमच्या कंधार-मुखेड भागातल्या गावांत, अहमदपूर-निलंग्याच्या गावांत आजही पारावर ऐकायला मिळते, की ‘शाळा आमच्या पट्टीवर चालते, यांचे काय जाते?’ हे बोलणाऱ्याला माहीत नसते की जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार त्याच्या शेतसाऱ्यावर होत नाही. शेतसारा आणि त्यावरचा जिल्हा परिषदेचा उपकर एकत्र केला तरी त्यात शिक्षकांचे पगार भागायचे नाहीत. पगार राज्याच्या खजिन्यातून येतो आणि तो खजिना भरतो वस्तू व सेवा कराने, पेट्रोल-डिझेलवरच्या कराने आणि अजूनही दारूच्या उत्पादन शुल्काने. भूमिहीन मजूर साबणाची वडी घेतो तेव्हा तो शाळेचा देणेकरी नसतो, धनी असतो. आणि ऊसतोडीला जाणारा? ज्या उसाच्या शेतावर शिक्षणासाठी विशेष आकारणी लागू आहे, त्या फडात सहा महिने कोयता चालवणाऱ्याची पोरे त्याच सहा महिन्यांत शाळेच्या बाहेर असतात. गावाकडे त्यांच्या गैरहजेरीने पट कमी दिसतो आणि पट कमी म्हणून शाळेचा निधी कमी होतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेला मिळणारे वार्षिक अनुदान पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार, पुढे वाढत जाऊन हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. वीज कापली गेली तर वीस मुलांच्या शाळेतही अंधार तितकाच पडतो, हे या कोष्टकात बसत नाही.

मग कुणी म्हणेल, शिक्षण कर गावाचा गावात आणि वॉर्डाचा वॉर्डात का ठेवू नये? आमच्याच कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा मुद्दा निघतो आणि ऐकायला तो फार न्याय्य वाटतो. आमच्या वस्तीने भरले, आमच्या शाळेला द्या. या मागणीपासून आम्ही समाजबांधवांना सावध करू इच्छितो. कारण हा प्रयोग जगात झालेला आहे आणि तो झाला त्याच अमेरिकेत, जिथे बाबासाहेब शिकले.

अमेरिकेत सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतात. आपल्या जिल्ह्याएवढे हे मोठे नसतात. एखादे शहर, कधी शहराचा एक भाग, एवढाच त्यांचा आवाका. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग त्या हद्दीतल्या घरांवरच्या करातून येतो. घराची किंमत जास्त, तर कर जास्त, शाळा श्रीमंत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा एक डिस्ट्रिक्ट होता. तिथे मेक्सिकन वंशाचे गरीब लोक आणि थोडे कृष्णवर्णीय राहत. त्याच शहरात अलामो हाइट्स हा गोऱ्या श्रीमंतांचा डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ सालचे आकडे न्यायालयासमोर आले ते असे. एजवूडच्या गरिबांनी कराचा दर जास्त ठेवला होता, शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट. श्रीमंतांनी ८५ सेंट. तरीही एजवूडला स्थानिक करातून दर मुलामागे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. गरिबाने स्वतःला जास्त पिळून घेतले, पण त्याच्या घराची किंमतच नव्हती तर त्यातून निघणार काय? राज्य व केंद्राची मदत धरूनही एजवूडला मुलामागे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ५९४ अशी तफावत राहिली. पालकांनी दावा लावला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला आणि सांगितले, की शिक्षण हा तिथल्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्या चार न्यायमूर्तींत थर्गूड मार्शल होते, ज्यांनी वकील म्हणून १९५४ साली ब्राउन खटला लढवून काळ्या मुलांसाठी गोऱ्यांच्या शाळेचे दार उघडले होते. त्यांनी कडक विरोधी निकालपत्र लिहिले. जातीची भिंत कायद्याने पाडली आणि तीच भिंत कराच्या वहीत पुन्हा उभी राहिली, हे त्यांना दिसत होते. एजवूडच्या लोकांनी पुढे राज्याच्या न्यायालयात लढा दिला आणि १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत टेक्सासच्या राज्यघटनेविरुद्ध ठरवली. पहिला दावा लावला तेव्हा जी मुले शाळेत होती, ती तोवर स्वतः आई-बाप झालेली होती.

जाता जाता एक नोंद. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेले प्राध्यापक सेलिग्मन हे करशास्त्राचे मोठे पंडित होते आणि अमेरिकेतल्या सर्वसाधारण मालमत्ता कराचे कडक टीकाकार म्हणूनच त्यांचे नाव होते. बाबासाहेबांच्या १९२५ साली निघालेल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला त्यांनीच प्रस्तावना लिहिली. आपण बाबासाहेबांच्या गुरूंची नावे घेतो तेव्हा ड्यूई घेतो, सेलिग्मन राहून जातात.

आता हेच गणित नांदेड-लातुरात मांडून पाहू. नांदेडला भाग्यनगर-श्यामनगरकडे कोचिंग क्लासेसच्या इमारती उभ्या राहिल्या, वसतिगृहे, मेस, झेरॉक्सची दुकाने वाढली. लातूरची ट्युशनची बाजारपेठ तर ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली जाते. या इमारतींवर शिक्षण कर आहेच, व्यापारी दराने आहे. कर वॉर्डातच ठेवायचा म्हटला तर सगळ्यात जास्त पैसा याच भागात साठेल. आणि तिथल्या किती मुलांना महानगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा लागते? उलट जिथे सगळी मुले सरकारी शाळेत आहेत त्या वस्तीत पत्र्याच्या घरांचे वार्षिक मूल्यच इतके कमी, की त्यातून खडूचा खर्चही निघू नये. एजवूड आपल्या दारात आणायचे असेल तरच ही मागणी करावी.

दुसरे कारण आणखी जुने आणि आणखी जवळचे आहे. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवायला सुरुवात झाली. २९ मे १९२८ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. त्याच्या निष्कर्षात त्यांनी म्हटले, की हा कायदा रद्द होऊन शाळा स्कूल बोर्डांकडे देणे थांबले नाही, तर अस्पृश्यांच्या शिक्षणाला मोठी खीळ बसेल. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याला बाबासाहेबांनी विरोध केला हे ऐकून आजच्या तरुणाला आश्चर्य वाटेल. पण विरोध सक्तीला नव्हता, शाळेची किल्ली कुणाच्या कमरेला जाते याला होता. मंडळावर बसणार तेच, जे मुलाला वर्गाबाहेर पायरीवर बसवतात. त्यांच्या हाती पैसा गेला तर शाळा कोणत्या आळीत बांधायची हे तेच ठरवणार. मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर गावोगाव आपली घरे जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ती घरे जाळायला कुणी बाहेरून आले नव्हते, गावचेच लोक होते. तेव्हा ‘गावाचा पैसा गावाच्या हाती’ हे वाक्य आपण ऐकले, की आधी विचारावे, गाव म्हणजे कोण?

म्हणून आमचे मत असे, की शिक्षकाचा पगार राज्याच्या खजिन्यातून येतो ही मराठवाड्यातल्या गरिबाची मोठी ढाल आहे आणि ती टिकवली पाहिजे. निजामी राजवटीत शाळा थोड्या होत्या, पण होत्या त्या बहुतांशी सरकारच्या होत्या. तो वारसा १९६२ साली जिल्हा परिषदांकडे आला. त्यामुळेच पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की संस्थेचे आणि मराठवाड्यात मात्र तालुक्या-तालुक्याला जिल्हा परिषदेचे हायस्कूल, असे चित्र दिसते. आपल्या पिढीतले किती वकील, प्राध्यापक, तहसीलदार या हायस्कुलांतून निघाले ते मोजून पाहावे. तिथे डोनेशन नव्हते, संस्थाचालकाच्या घरचे लग्न नव्हते. महानगरपालिकेच्या शाळांची गोष्ट वेगळी. तिथे पगाराचा साधारण निम्मा भार राज्य उचलते आणि निम्मा महानगरपालिकेने उचलायचा असतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्राथमिक शाळा चालवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. पण तिजोरीत खडखडाट असला की सर्वांत आधी हात आखडतो तो याच कर्तव्यावर. शाळा जितक्या कमी तितका पगाराचा निम्मा वाटा कमी, असे हे उलटे आमिष आहे.

आणि पगार सोडला तर शाळेला उरते काय? सादिल अनुदान. खडू, डस्टर, झाडू, वीजबिल, हजेरीपट, सगळे त्यात. ते वेळेवर येत नाही तेव्हा मुख्याध्यापक खिशात हात घालतात किंवा ‘लोकसहभाग’ मागतात. लोकसहभाग हा शब्द फार गोड आहे. तो प्रत्यक्षात तिसरा कर आहे आणि त्याला कायदा नाही, पावती नाही. गावातला पुढारी संगणक देतो, त्याचे नाव भिंतीवर रंगवले जाते आणि मग शालेय व्यवस्थापन समितीत कोण असावे, पोषण आहार कुणी शिजवावा, हेही तोच सांगतो. आपल्या बायांनी शिजवलेला भात चालत नाही, अशी कुरबूर कुठून सुरू होते ते आम्ही पाहिले आहे.

सरकारने हाच लोकसहभाग १८ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने मोठ्या प्रमाणावर आणला. दत्तक शाळा! उद्योगपतीने, कंपनीने, संस्थेने सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची आणि ठरलेल्या मूल्याची मदत दिली तर शाळेला त्याने सुचवलेले नाव जोडता येईल. मोठ्या महानगरपालिकांत पाच वर्षांना दोन कोटी, तर ‘ड’ वर्ग महानगरपालिका, नगरपरिषदा आणि ग्रामीण भागात ५० लाख. म्हणजे आमच्या भागातल्या शाळेच्या पाटीचा भाव ठरला. १९६२ पासून साठ वर्षे शिक्षण कर भरणाऱ्या वस्तीचे नाव शाळेवर कधी लागले नाही आणि ५० लाखांत पाटी मिळू लागली. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर निघाल्या. यांत तांडे, वाड्या आणि दलित वस्त्यांच्या शाळा कितीतरी आहेत हे कुणाला सांगायला नको. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना २५ टक्के मोफत प्रवेशातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला, हे आपले नशीब. एकीकडे सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खाजगी शाळेचे दार लावायचे, दुसरीकडे जवळची सरकारी शाळा उचलून दूर न्यायची. दोन्ही हातांचा मेळ कसा बसतो पाहा.

मग करायचे काय? अमेरिकेचे न्यायालय जे म्हणू शकले, ते आपले न्यायालय म्हणू शकत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. हा हक्क वस्ती किती कर भरते यावर अवलंबून नाही. तेव्हा ‘आम्ही भरले ते आम्हाला द्या’ ही आपली भाषा नसावी. शिक्षणाच्या नावाने जे घेतले ते शिक्षणावरच गेले याचा हिशेब द्या, आणि जिथे घरांची किंमत सर्वांत कमी तिथे सर्वांत जास्त द्या, ही आपली भाषा असावी. शिक्षण उपकराची जमा आणि शाळांवरचा पगाराखेरीजचा खर्च, जिल्हानिहाय आणि महानगरपालिकानिहाय, दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर विधिमंडळात ठेवा, असे आपल्या आमदारांनी मागावे. आपले आमदार नसतील तर ज्यांना आपण मते दिली त्यांनी मागावे.

खालच्या पातळीवरही काम आहे आणि ते कायद्यात बसणारे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. कलम २२ तर आपल्या लोकांनी पाठ करावे असे आहे. ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाला तोच आराखडा आधार असतो. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटे भरतात आणि पालकांच्या सह्या नंतर घेतल्या जातात. सही करण्याआधी तो वाचावा. त्यात स्वच्छतागृह, पाणी, वीजबिल, कुंपण, एकेक बाब लिहून घ्यावी. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. हा पैसा बहुधा समाजमंदिराच्या फरशीत किंवा हायमास्ट दिव्यात जातो. आपल्या वस्तीच्या शाळेसाठी, अभ्यासिकेसाठी तो मागायला कुणी अडवले आहे?

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करावा हे अनेकजण विचारतात म्हणून इथेच सांगतो. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून एका अर्जात सगळे कोंबू नये. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. पहिला अर्ज महानगरपालिकेच्या मालमत्ता कर विभागाला: मागील पाच आर्थिक वर्षांत शिक्षण कराची मागणी किती, वसुली किती, शासनास भरणा किती व कोणत्या तारखांना, चलनाच्या प्रतींसह. दुसरा अर्ज शिक्षण विभागाला: त्याच पाच वर्षांत प्रत्येक शाळेवर वेतनाखेरीज झालेला खर्च, शाळेच्या नावासह. गावात असाल तर हाच दुसरा अर्ज जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाला करावा आणि सादिल अनुदान कोणत्या तारखेला मिळाले ते विचारावे. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘निरंक’ असे उत्तर आले तर ३० दिवसांत पहिले अपील करावे. दोन्ही उत्तरे आली की त्यांच्या झेरॉक्स काढून एक प्रत बुद्धविहारात आणि एक शाळेच्या फलकाशेजारी लावावी.